‘लेव्हल-२’ म्हणजे नक्की काय? उपग्रह डेटा सांभाळणाऱ्यांच्या तोंडच्या शब्दांबद्दल

प्रश्न थोडक्यात असा: रिमोट सेन्सिंगचं शिक्षण झालंय, बँड (प्रकाशाचे वेगवेगळ्या तरंगलांबीचे पट्टे), परावर्तन, एनडीव्हीआय (हिरवळ मोजणारा निर्देशांक) सगळं येतं, पण उपग्रह प्रतिमांचा साठा सांभाळणाऱ्या गटात रुजू झाल्यावर बैठकीत ग्रॅन्युल, टिअर, बेसलाइन, एआरडी, स्टॅक, कॉग, लिनिएज हे शब्द सुरू होतात आणि शब्दसूची वाचूनही काही उलगडत नाही. यातले कोणते शब्द खरंच कामाचे आणि ते समजून कसे घ्यायचे?

शब्दसूची वाचून उलगडत नाही, कारण यातले बरेचसे शब्द घोटाळे निस्तरताना रूढ झालेत. दोन माणसांनी एकाच आकड्याचा वेगवेगळा अर्थ लावला, कुणाचे तरी नकाशे जुळेनात, मग त्या फरकाला नाव द्यावं लागलं. सूचीत नाव आणि व्याख्या येते, घोटाळा येत नाही. म्हणून शब्द समोर आला की तो नसता तर काय फसलं असतं, हे विचारत चला. खालचा क्रम मला जे शब्द जास्त नडले त्यांना झुकतं माप देणारा आहे, तेव्हा तो काटेकोर समजू नका.

सुरुवात ‘लेव्हल’पासून, कारण हा शब्द आपल्याला कळलाय असं सगळ्यांनाच वाटतं. ढोबळ शिडी सगळीकडे सारखी आहे. लेव्हल-० हा उपग्रहाकडून आलेला कच्चा माल. लेव्हल-१ मध्ये सेन्सरचं कॅलिब्रेशन लागतं आणि प्रतिमा जमिनीवर कुठे बसते ते ठरतं. लेव्हल-२ मध्ये भौतिक राशी मिळते: भूपृष्ठाचं परावर्तन, समुद्रपृष्ठाचं तापमान वगैरे. लेव्हल-३ मध्ये त्या राशी ठरावीक ग्रिडवर (नकाशाच्या चौकटींच्या जाळीवर), बऱ्याचदा काही दिवसांचा मेळ घालून, मांडलेल्या असतात. लेव्हल-४ हे निरीक्षणं प्रारूपात घालून काढलेलं उत्तर.

गोम पुढे आहे. मोडिस या नासाच्या सेन्सरचं लेव्हल-२ उघडलंत तर ते अजून उपग्रहाच्या उडत्या पट्ट्याच्या भूमितीत असतं. ओळी-स्तंभ नकाशाशी जुळत नाहीत, अक्षांश-रेखांश वेगळे द्यावे लागतात. लँडसॅट या अमेरिकी उपग्रहमालिकेचं लेव्हल-२ मात्र आधीच नकाशाच्या ग्रिडवर बसवलेलं असतं. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांचं तर लेव्हल-१सी सुद्धा ग्रिडवर असतं, फक्त त्यातलं परावर्तन वातावरणाच्या माथ्यावरचं असतं. वातावरणाचा परिणाम काढून जमिनीवरचं परावर्तन हवं असेल तर लेव्हल-२ए घ्यावं लागतं. म्हणजे आकडा तोच, पण प्रत्येक घराची रीत निराळी. कुणी ‘आपल्याकडे लेव्हल-२ आहे’ म्हणालं की मी दोनच गोष्टी विचारतो: वातावरण काढलंय का, आणि ग्रिडवर आहे का? लेव्हल-१सी वर शिकवलेल्या प्रारूपाला कुणीतरी बिनधास्त लेव्हल-२ए भरवतं आणि पिकांचं वर्गीकरण अचानक का बिघडलं म्हणून सगळे शेतांकडे बघत बसतात, हे मी एकदा नाही, अनेकदा पाहिलंय.

आता एक फाइलचं नाव हातात घेऊ. नाव मी समजावण्यापुरतं जुळवलंय, पण सेंटिनेल-२ चा साचा असाच असतो: एस२बी_एमएसआयएल२ए_२०२३०३१४टी१०१०२९_एन०५०९_आर०२२_टी३२टीएमएस_२०२३०३१४टी१५१२४७. पहिला तुकडा कोणता उपग्रह ते सांगतो, दुसरा सेन्सर आणि लेव्हल. ‘एन०५०९’ ही प्रोसेसिंग बेसलाइन, म्हणजे ५.०९, तिच्याकडे लगेच येतो. ‘आर०२२’ ही सापेक्ष कक्षा, एकूण १४३ पैकी २२ वी. ‘टी३२टीएमएस’ ही टाइल. उरल्या दोन तारखा, आणि लोक अडखळतात ते इथेच. पहिली तारीख-वेळ ‘डेटाटेक’ सुरू झाल्याची आहे, म्हणजे उपग्रहाने सलग चित्रण सुरू केलं तो क्षण. डेटाटेक हजारो किलोमीटर लांब असू शकतो, त्यामुळे तुमची टाइल प्रत्यक्ष टिपली गेली ती वेळ काही मिनिटांनी पुढची असू शकते. पिकांना त्याने फरक पडत नाही, पण भरती-ओहोटी किंवा धावणाऱ्या जहाजाचा माग काढत असाल तर पडतो. शेवटची तारीख-वेळ एकाच डेटाटेकमधली उत्पादनं एकमेकांपासून वेगळी ओळखता यावीत म्हणून आहे. तिला चित्रणाची वेळ समजू नका.

तारखांवरून माझीच एक चूक सांगतो. रोज रात्री नवीन प्रतिमा उतरवणारी एक छोटी स्क्रिप्ट मी लिहिली होती. ती ‘काल टिपलेल्या’ प्रतिमा मागायची. बरेच महिने सगळं सुरळीत वाटलं. मग कुणीतरी एका भागाची कालमालिका काढली आणि तिच्यात भोकं दिसली. झालं असं की काही प्रतिमा टिपल्यानंतर दोन-तीन दिवसांनी साठ्यात यायच्या. आम्ही विचारलं तेव्हा त्या नव्हत्या, आणि नंतर आम्ही कधी विचारलंच नाही. प्रत्येक उत्पादनाला कमीत कमी तीन तारखा असतात: टिपल्याची, प्रक्रिया झाल्याची आणि कॅटलॉगमध्ये प्रसिद्ध झाल्याची. विश्लेषण पहिलीवर करायचं. साठा अद्ययावत ठेवायचा तो तिसरीवर. इतकं साधं आहे, पण नवीन माणूस पहिलीच पकडतो. मीही तेच केलं होतं.

आता बेसलाइन. प्रक्रिया करणारं सॉफ्टवेअर आणि त्याचे मापदंड बदलले की बेसलाइनचा आकडा वाढतो. बऱ्याचदा बदल किरकोळ असतो. २५ जानेवारी २०२२ पासून लागू झालेली सेंटिनेल-२ ची बेसलाइन ४.०० मात्र किरकोळ नव्हती. त्याआधी पिक्सेलमधल्या संख्येला १०,००० ने भागलं की परावर्तन मिळायचं. नव्या बेसलाइनमध्ये प्रत्येक संख्येत १,००० ची भर घालायला सुरुवात झाली, म्हणजे आता आधी १,००० वजा करायचे, मग भागायचं. कारण रास्त होतं: खूप काळोख्या पृष्ठभागांवर वातावरणीय दुरुस्तीनंतर परावर्तन किंचित ऋण येऊ शकतं, आणि चिन्हविरहित पूर्णांकात ऋण संख्या मावत नाही, ती शून्यावर कापली जायची. मेटाडेटात, म्हणजे फाइलसोबत येणाऱ्या माहितीत, या भरीला ‘ॲड ऑफसेट’ म्हणतात आणि तिची किंमत −१,००० अशी लिहिलेली असते.

जो मेटाडेटा वाचत नव्हता त्याचं काय झालं, ते एका शेतावर बघा. जवळच्या अवरक्त बँडचं परावर्तन ०.४०, लाल बँडचं ०.०५. एनडीव्हीआय म्हणजे दोन्हींचा फरक भागिले बेरीज, तो येतो ०.३५ भागिले ०.४५, म्हणजे साधारण ०.७८, हिरवंगार शेत. ऑफसेट विसरलात तर दोन्हींत ०.१० ची भर पडते: ०.५० आणि ०.१५. वरचा फरक तोच, ०.३५, खाली मात्र ०.६५. एनडीव्हीआय घसरून ०.५४ वर आला. एका रात्रीत सगळ्या नकाशावरची शेतं सुकली! त्या आठवड्यात पाऊस, कीड, सिंचन या सगळ्यांवर आमच्याकडे चर्चा झाली. फाइलच्या नावातल्या चार आकड्यांकडे बघायला दोन दिवस लागले.

दुरुस्ती करतानाही तीन खड्डे आहेत. एक म्हणजे ‘जानेवारी २०२२ नंतरच्या फाइलींतून १,००० वजा करा’ असा तारखेचा नियम लावू नका. जुना साठाही पुढे नव्या बेसलाइनने पुन्हा प्रक्रिया करून दिला गेला आहे, त्यामुळे २०१८ ला टिपलेल्या प्रतिमेतही ऑफसेट असू शकतो. शिवाय काही क्लाउड साठे डेटा देण्याआधी तो स्वतःच काढून टाकतात आणि त्या संचाला ‘हार्मोनाइज्ड’ म्हणतात. तिथे पुन्हा वजा केलंत की उलटा घोटाळा. दुसरा खड्डा संगणकाचा आहे. १६ बिटांच्या चिन्हविरहित पूर्णांकात ८०० मधून १,००० वजा केले तर −२०० येत नाही, ६५,३३६ येतात, आणि तळ्याचं परावर्तन साडेसहा निघतं. तिसरा ‘नोडेटा’चा. शून्य म्हणजे इथे निरीक्षणच नाही. आधी ते पिक्सेल बाजूला काढायचे आणि मगच वजाबाकी करायची. नाहीतर रिकाम्या कडा −०.१ परावर्तन घेऊन सरासरीत शिरतात.

लँडसॅटचा हिशेब निराळा: कलेक्शन-२ च्या भूपृष्ठ परावर्तनात संख्येला ०.००००२७५ ने गुणायचं आणि ०.२ वजा करायचे. १२,००० म्हणजे ०.१३. सेंटिनेलच्या सवयीने १०,००० ने भागणाऱ्याला १.२ मिळतात, आणि परावर्तन एकापेक्षा जास्त आलं की निदान शंका तरी येते. ज्या चुकीत उत्तर पटण्यासारखं निघतं, ती जास्त महाग पडते.

आत्ता ‘कलेक्शन’ म्हणालो. या शब्दाचे दोन अर्थ एकमेकांच्या पायात येतात. कॅटलॉगच्या भाषेत कलेक्शन म्हणजे एकाच प्रकारच्या उत्पादनांचा गट. लँडसॅटच्या भाषेत मात्र तो आवृत्तीचा शब्द आहे. पहिला लँडसॅट १९७२ चा. इतक्या दशकांत प्रक्रिया सतत सुधारत गेली आणि एकाच साठ्यात वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या पद्धतीने तयार झालेली उत्पादनं शेजारी शेजारी बसली. दोन वर्षांची तुलना केली तर दिसणारा फरक जमिनीचा की सॉफ्टवेअरचा, ते कळेना. म्हणून २०१६ ला अख्खा साठा एकाच रीतीने पुन्हा प्रक्रिया करून कलेक्शन-१ म्हणून आला, आणि डिसेंबर २०२० मध्ये कलेक्शन-२. दुसऱ्यात जमिनीवरचे संदर्भबिंदू सेंटिनेल-२ च्या संदर्भ प्रतिमांशी जुळवून घेतले गेले, त्यामुळे काही ठिकाणी प्रतिमा आधीच्या जागेवरून सरकल्या. कलेक्शन-१ चा डेटा हार्ड डिस्कवर पडलाय म्हणून तो अर्धा वापरून उरलेला कलेक्शन-२ मधून घेऊ नका.

कलेक्शनच्या आत ‘टिअर’. टिअर-१ मध्ये जागेची चूक १२ मीटरच्या आत असल्याची खात्री असते, म्हणजे ३० मीटरच्या पिक्सेलच्या निम्म्याहून कमी. कालमालिकेसाठी हाच वापरायचा. टिअर-२ ला जागेची तेवढी खात्री नाही. बऱ्याचदा ढगांमुळे संदर्भबिंदूच पुरेसे सापडलेले नसतात. ताज्या प्रतिमा आधी ‘रिअल टाइम’ म्हणून येतात आणि नंतर अंतिम माहितीने पुन्हा प्रक्रिया होऊन कुठल्या तरी टिअरमध्ये जातात. हीच गोष्ट इतरत्र वेगळ्या नावाने भेटते. सेंटिनेल-३ मध्ये ‘निअर रिअल टाइम’ उत्पादन तीन तासांत मिळतं आणि ‘नॉन टाइम क्रिटिकल’ साधारण महिनाभरात. सेंटिनेल-१ ची अचूक कक्षा-फाइल (उपग्रह नेमका कुठे होता ते सांगणारी) सुमारे २० दिवसांनी येते. पूर आलाय तेव्हा पहिलं घ्या, प्रबंध लिहिताय तेव्हा दुसरं. आणि पुरातला नकाशा नंतर पुन्हा काढाल तेव्हा तो थोडा वेगळा दिसेल, हे आधीच सांगून ठेवा.

‘सीन’, ‘टाइल’ आणि ‘ग्रॅन्युल’ हे तिन्ही शब्द ‘अखंड पट्ट्याचा कापलेला तुकडा’ याच अर्थाचे. फरक कुठे कापलं याचा. लँडसॅटचा सीन पाथ आणि रो या दोन आकड्यांनी ओळखला जातो, सुमारे १८५ किलोमीटर रुंदीचा. मोडिसच्या पट्ट्याचे ग्रॅन्युल वेळेने कापलेले असतात, पाच-पाच मिनिटांचे. सेंटिनेल-२ च्या टाइली नकाशावरच्या ठरावीक चौकटीवर बसतात. त्यांची जाळी १०० किलोमीटरची आहे, पण प्रत्येक टाइल १०९.८ किलोमीटर बाजूची असते, म्हणजे शेजाऱ्याच्या अंगणात तिचा पाय ९.८ किलोमीटर. जोडकामाला हे सोयीचं आहे. पण कुणी टाइलनिहाय जंगलाचं क्षेत्र काढून नुसती बेरीज केली की १०,००० चौरस किलोमीटरच्या जागी सुमारे १२,०५६ मोजले जातात. वीस टक्के जंगल फुकटात! ‘ग्रॅन्युल’चा खरा उपयोग हिशेबाच्या वहीत आहे: साठ्यात ज्याची स्वतंत्र नोंद होते, जो स्वतंत्र उतरवता येतो, तो सगळ्यात छोटा नग. एवढं धरून चाललात तरी बैठकीत निभेल.

गुणवत्तेचा थर हा माझा लाडका विषय आहे, तेव्हा थोडं लांबण लावतो. लँडसॅटसोबत प्रत्येक पिक्सेलची एक संख्या येते, आणि तिच्या सोळा बिटांत सोळा खणांसारखी माहिती भरलेली असते. बिट क्रमांक शून्यापासून मोजायचे: २ विरळ सिरस ढगाचा, ३ ढगाचा, ४ ढगाच्या सावलीचा, ५ बर्फाचा, ६ निरभ्रतेचा, ८ पासून पुढे दोन-दोन बिटांच्या जोड्या, प्रत्येक निदानाचा भरवसा सांगणाऱ्या. जमिनीवरच्या निरभ्र पिक्सेलची संख्या बहुतेकदा २१,८२४ असते. फोडून बघा: १६,३८४ + ४,०९६ + १,०२४ + २५६ + ६४. यातला ६४ हा सहावा बिट, म्हणजे निरभ्र. बाकीचे ‘भरवसा कमी’ म्हणजे ढग-बर्फ असण्याची शक्यता कमी. खात्रीच्या ढगाची संख्या २२,२८०.

आता कुणीतरी प्रतिमा दुसऱ्या ग्रिडवर नेताना सगळ्या थरांना एकाच पद्धतीने, शेजारच्या पिक्सेलांची सरासरी घेऊन, बसवतं. निरभ्र आणि ढगाच्या सीमेवर काय होतं? २१,८२४ आणि २२,२८० ची सरासरी २२,०५२. ही संख्या फोडली तर त्यात दुसरा बिट लागलेला आहे आणि पाचवाही. म्हणजे सिरस आणि बर्फ. ढगाच्या प्रत्येक कडेला बर्फाची झालर, तीही भर उन्हाळ्यात. म्हणून ‘रिसॅम्पलिंग’ (असं दुसऱ्या ग्रिडवर बसवणं) हा शब्द आला की कुठला थर, हे विचारायचं. परावर्तनाला बायलिनिअर किंवा क्युबिक, म्हणजे शेजाऱ्यांचा मेळ घालणाऱ्या पद्धती, चालतील. वर्ग, मास्क आणि बिट यांना ‘निअरेस्ट नेबर’च, म्हणजे सगळ्यात जवळच्या पिक्सेलची संख्या जशीच्या तशी. सेंटिनेल-२ च्या लेव्हल-२ए सोबत येणाऱ्या वर्गीकरण थरालाही हेच लागू: त्यात ४ म्हणजे वनस्पती, ६ म्हणजे पाणी, ९ म्हणजे खात्रीचा ढग. ४ आणि ६ ची सरासरी ५ येते, आणि ५ म्हणजे उघडी जमीन.

विभेदनक्षमतेबद्दल पुस्तकात भरपूर आहे, त्यामुळे एकच सांगतो: पिक्सेलचं अंतर आणि विभेदनक्षमता या दोन गोष्टी आहेत. सेंटिनेल-१ चं नेहमीचं जमिनीवर बसवलेलं उच्च-विभेदन उत्पादन १० मीटर अंतराच्या पिक्सेलांत मिळतं, पण त्याची खरी विभेदनक्षमता सुमारे २० बाय २२ मीटर. लँडसॅट-८ चा औष्णिक बँड १०० मीटरने टिपलेला असतो आणि ३० मीटरवर आणून दिला जातो. फाइल ३० म्हणते म्हणून एकेका छपराचं तापमान सांगायला जाऊ नका.

‘एआरडी’, म्हणजे विश्लेषणासाठी तयार डेटा, हा शब्द विक्रीच्या पत्रकांत इतका घासला गेलाय की त्यावर विश्वास ठेवताना जपून. १९८४ पासून अंतराळ संस्थांमध्ये मेळ घालणाऱ्या सीऑस या समितीने त्याची नेमकी अट घातली आहे: डेटावर ठरावीक किमान प्रक्रिया झालेली हवी, आणि तो वापरणाऱ्याला फारसे अधिक कष्ट न घेता लगेच विश्लेषणाला घेता यावा, काळाच्या ओघात आणि इतर संचांशी जुळावा. त्यासाठी उत्पादनानुसार तपशीलवार तपासणी-याद्या आहेत. कुणी एआरडी म्हणालं तर कुठल्या यादीप्रमाणे, हे विचारा. उत्तर ‘आम्ही ढग काढलेत’ असं आलं तर तो एआरडी त्यांचा घरगुती आहे.

उरले स्टॅक आणि कॉग. हे दोन शब्द वरच्या सगळ्यांपेक्षा नवे आहेत, आणि कामाची पद्धत यांनी सगळ्यात जास्त बदलली. अडचण साधी होती. सेंटिनेल-२ च्या १० मीटरच्या एका बँडमध्ये १०,९८० बाय १०,९८० पिक्सेल, म्हणजे १२ कोटींहून जास्त. प्रत्येकी दोन बाइट धरले तर दाबण्याआधी सुमारे २४ कोटी बाइट. तुम्हाला हवं आहे २०० मीटर बाजूचं एक शेत, २० बाय २० पिक्सेल. चारशे पिक्सेलांसाठी अख्खी फाइल उतरवायची?

कॉग, म्हणजे क्लाउडसाठी जुळवलेली जिओटिफ (जागेची माहिती सोबत असलेली प्रतिमा-फाइल), ही तशी साधी जिओटिफच. फक्त आतली मांडणी शिस्तीची. प्रतिमा छोट्या चौकोनी ठोकळ्यांत, समजा ५१२ बाय ५१२, साठवलेली असते. कमी विभेदनाच्या प्रती आतच असतात. आणि कुठला ठोकळा फाइलमध्ये कितव्या बाइटपासून आहे याची अनुक्रमणिका सुरुवातीला. सॉफ्टवेअर आधी तेवढी सुरुवात मागतं, शेत कोणत्या ठोकळ्यात पडतं ते काढतं आणि सर्व्हरकडे फक्त तेवढे बाइट मागतं. एक ठोकळा दाबण्याआधीही अर्ध्या एमबीच्या आसपास. चोवीस कोटी बाइटचं काम पाच लाखांवर आलं. पण फाइलला .टिफ लागलंय म्हणून ती कॉग होत नाही. ओळीओळीने साठवलेली जुनी टिफ क्लाउडवर टाकली तर ती नुसती दूर ठेवलेली जुनी टिफ. तपासणारी साधनं सहज मिळतात, साठ्यात घेण्याआधी एकदा चालवत जा.

स्टॅक ही कॅटलॉगची भाषा. पूर्वी प्रत्येक साठ्याची शोधायची रीत वेगळी, म्हणून प्रत्येकासाठी वेगळी स्क्रिप्ट. स्टॅकमध्ये प्रत्येक प्रतिमेची एक ‘आयटम’ नोंद, जिओजेसन या जागेची माहिती लिहायच्या मजकूर-स्वरूपात: कुठली जागा, कुठली वेळ, कुठले गुणधर्म. तिच्या आत ‘ॲसेट’, म्हणजे प्रत्यक्ष फाइलींचे पत्ते, प्रत्येक बँडचा वेगळा. आयटमांचा गट म्हणजे कलेक्शन, वर सांगितलेल्या दोन अर्थांपैकी पहिला. आवृत्ती १.० मे २०२१ मध्ये आली. वापरताना एका गोष्टीला फसू नका: आयटमवर लिहिलेलं ढगांचं प्रमाण संपूर्ण टाइलचं असतं. साठ टक्के ढग लिहिलेल्या टाइलमध्ये तुमचं शेत लख्ख उन्हात असू शकतं आणि पाच टक्केवाल्यात नेमकं त्याच शेतावर ढग. शोधताना ही मर्यादा सैल ठेवा. चाळणी पिक्सेलच्या थराने लावा.

‘डेटा क्यूब’ (जागा आणि वेळ एकत्र मांडलेला डेटा) आणि ‘झार’ (असा डेटा तुकड्यांत साठवायची पद्धत) यांत एकच गोष्ट बघायची: डेटा कोणत्या आकाराच्या तुकड्यांत कापलाय. दिवसाचा एक नकाशा असे तुकडे असतील तर नकाशा झटपट मिळतो, पण एका पिक्सेलचा दहा वर्षांचा आलेख काढायला प्रत्येक दिवसाचा तुकडा उघडावा लागतो. वेळेच्या दिशेने लांब कापलेत तर उलट. दोन्ही एकाच वेळी झटपट करून देतो म्हणणाऱ्याकडे बहुधा डेटाच्या दोन प्रती असतात.

शेवटी कंटाळवाणे शब्द. ‘चेकसम’ ही फाइलच्या बाइटांवरून काढलेली छोटी संख्या. उतरवल्यावर पुन्हा काढून जुळवायची. आमच्याकडे एक अर्धवट उतरलेली टिफ कुरकुर न करता उघडली होती. खालचा भाग काळा होता, आणि आम्ही तो नोडेटा म्हणून स्वीकारला. जुळवणी फक्त उतरवताना करून भागत नाही. डिस्कवर वर्षानुवर्षं पडलेल्या फाइलीही अधूनमधून तपासायच्या, कारण बिट बिघडतात ते आवाज न करता.

आणि ‘लिनिएज’, म्हणजे डेटाची वंशावळ: कुठल्या मूळ फाइलीपासून, कुठल्या सॉफ्टवेअरच्या कुठल्या आवृत्तीने, कोणते मापदंड आणि कोणता सहायक डेटा वापरून हे तयार झालं. मूळ फाइल आणि सॉफ्टवेअर लोक लिहितात. सहायक डेटा विसरतात. तीन वर्षांपूर्वी काढलेला एक नकाशा आम्हाला पुन्हा काढायचा होता. मूळ प्रतिमांचे चेकसम जुळले, सॉफ्टवेअरची आवृत्ती तीच बसवली, बेसलाइन तपासली, ऑफसेट पाहिला. तरी डोंगराळ भागातले पिक्सेल जुळेनात, सपाटीवरचे मात्र तंतोतंत. चार दिवसांनी कारण सापडलं: उंचीचं प्रारूप, म्हणजे जमिनीच्या चढ-उतारांचा नकाशा. स्क्रिप्ट ते दर वेळी जाळ्यावरून ‘सर्वात नवं’ म्हणून मागवत होती, आणि मधल्या काळात त्याची नवी आवृत्ती आली होती. जुनी कोणती होती हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. आता आमच्या प्रत्येक नोंदीत उंचीच्या प्रारूपाचं नाव, आवृत्ती आणि त्याचा स्वतःचा चेकसम असतो, आणि ‘सर्वात नवं’ हा शब्द स्क्रिप्टमध्ये सापडला तर ती परत पाठवली जाते.